व्हिएतनाममध्ये पैसे घालायचे का? माझा पडताळणीचा अनुभव

व्हिएतनामची अर्थव्यवस्था २०२४ मध्ये ७ टक्क्यांहून जास्त वाढली. लोकसंख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे, सॅमसंगचे फोन मोठ्या प्रमाणावर तिथे तयार होतात. कापसाचे चुकारे खात्यात पडले, सोसायटीचं कर्ज भरून चार पैसे उरले, की आमच्या यवतमाळकडेही आता विचारणा होते: थोडे तिकडे लावायचे का? मी ही तपासणी पूर्ण करून निर्णय घेतला. कोणत्या पायरीवर काय पाहिलं आणि गाडी कुठे अडते ते सविस्तर लिहितो, कारण संधीबद्दल सगळेच बोलतात, पण खर्च आणि कागदपत्रं कोणी सांगत नाही.

पहिला प्रश्न असा की देश वाढला म्हणून त्या देशाच्या शेअरमध्ये पैसे लावणाऱ्याचा पैसा वाढतो का. कापूस विक्रमी पिकला म्हणून कास्तकाराच्या हाती विक्रमी पैसा येतोच असं नाही, तसंच हे. व्हिएतनामच्या शेअरबाजाराचा निर्देशांक, व्हीएन-इंडेक्स, मार्च २००७ मध्ये ११७० पर्यंत चढला. त्याच जानेवारीत देश जागतिक व्यापार संघटनेत गेला होता आणि परदेशी पैसा धो धो येत होता. फेब्रुवारी २००९ मध्ये हाच निर्देशांक २३५ च्या आसपास होता. जुनी पातळी परत दिसायला एप्रिल २०१८ उजाडलं, तेव्हा तो १२०४ झाला.

पण ते आकडे तिथल्या चलनात, म्हणजे डाँगमध्ये. २००७ मध्ये डॉलरला सुमारे १६,००० डाँग पडत, २०१८ मध्ये २२,८००. डॉलरमध्ये हिशोब केला तर ११ वर्षांनंतरही साधारण २८ टक्के तोटाच निघतो. रुपया त्या काळात ४४ वरून ६५ पर्यंत घसरला म्हणून आपल्या चलनात जेमतेम मुद्दल निघालं असतं. लाभांश वेगळा, पण त्या काळातली आपली बँकेतली मुदत ठेव त्याहून खूप पुढे गेली असती. आणि या ११ वर्षांत व्हिएतनामची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये तिपटीहून जास्त झाली होती! चीनचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. चिनी शेअरचा एमएससीआय चीन निर्देशांक १९९२ च्या अखेरीस १०० वर सुरू झाला आणि २०२२ च्या अखेरीस, म्हणजे ३० वर्षांनी, लाभांश सोडून तो १०० च्या खाली होता. मधल्या काळात चीन जगाचा कारखाना झाला.

असं का होतं, हे व्हिएतनामच्या बाबतीत मी नीट तपासलं. देशाच्या निर्यातीपैकी सुमारे ७० टक्के निर्यात परदेशी मालकीच्या कंपन्या करतात. त्या हो ची मिन्ह शहरातल्या शेअरबाजारात नोंदलेल्या नाहीत. सॅमसंगचा शेअर सेऊलमध्ये मिळतो. हो ची मिन्हच्या बाजारात मिळतात त्या बँका, जमीन-घरबांधणीच्या कंपन्या, होआ फाटसारखी पोलाद कंपनी, विनामिल्कसारखी दूध कंपनी, एफपीटीसारखी सॉफ्टवेअर कंपनी. म्हणजे बातमीत वाचतो मोबाईल आणि कपड्यांचे कारखाने, आणि पैसे लावतो तिथल्या बँकांच्या कर्जवाटपावर आणि शहरी जमिनीच्या भावावर. ही गोष्ट समजली नाही तर पुढची सगळी मेहनत वाया.

२०२२ हे वर्ष यासाठी मुद्दाम अभ्यासावं. त्या वर्षी अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी वाढली. निर्देशांक मात्र जानेवारीतल्या १५०० च्या वरून नोव्हेंबरमध्ये ९०० च्या जवळ आला. कारण घरबांधणी कंपन्यांचे रोखे बुडू लागले आणि ऑक्टोबरमध्ये वान थिन्ह फाट या घरबांधणी समूहाच्या प्रमुख त्रुओंग मी लान यांना अटक झाली. त्यांच्या ताब्यातल्या सायगॉन कमर्शियल बँकेतला घोटाळा देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा आर्थिक घोटाळा ठरला. लोकांनी बँकेपुढे रांगा लावल्या. हो ची मिन्हच्या बाजारात शेअरला एका दिवसात वर-खाली ७ टक्क्यांचीच मुभा आहे, त्यामुळे घबराटीत शेअर तळाच्या मर्यादेला जाऊन चिकटतो आणि विकायचा म्हटलं तरी घेणारा मिळत नाही.

देशोदेशीच्या शेअरबाजारांची गटवारी करणाऱ्या एफटीएसई रसेल या संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएतनामला ‘फ्रंटियर’ (अगदी सुरुवातीच्या) गटातून दुय्यम ‘इमर्जिंग’ (उभरत्या) गटात बढती जाहीर केली आणि अंमलाची तारीख सप्टेंबर २०२६ ठेवली. २०१८ पासून देश त्या प्रतीक्षायादीत होता. मोठ्या परदेशी संस्थांना शेअर घेण्याआधी पूर्ण रक्कम भरून ठेवायची अट नोव्हेंबर २०२४ मध्ये काढली, हे त्यामागचं एक मुख्य कारण. अशी बढती आधीच भावात येते. तारखेकडे पाहून खरेदी करू नये, असं माझं मत झालं.

आता मार्ग. थेट हो ची मिन्हच्या बाजारात खातं उघडता येतं. त्यासाठी तिथल्या डिपॉझिटरीकडून, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, ट्रेडिंग कोड, तिथल्या बँकेत डाँगमधलं खास गुंतवणूक खातं आणि नोटरी करून प्रमाणित केलेली पासपोर्टची कागदपत्रं लागतात. शिवाय परकीयांसाठी मालकीची मर्यादा आहे, बँकांत ३० टक्के आणि अनेक कंपन्यांत ४९ टक्के. चांगल्या कंपन्यांची ही मर्यादा भरलेली असते. एफपीटीची कित्येक वर्षं भरलेली होती, आणि परदेशी लोक एकमेकांकडून बाजारभावापेक्षा चढ्या दराने ते शेअर घेत. चार-पाच लाखांसाठी हा मार्ग परवडत नाही, मी तो लगेच सोडला.

दुसरा मार्ग अमेरिकेत नोंदलेला व्हिएतनामचा ईटीएफ, म्हणजे बाजारात शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड. व्हॅनएकचा व्हीएनएम हा २००९ पासून चालू आहे. तिसरा मार्ग भारतातला म्युच्युअल फंड, एडलवाईसचा आसियान (आग्नेय आशियाई देशांचा) फंड, जो जेपी मॉर्गनच्या आसियान फंडात पैसे लावतो. त्यात सिंगापूरच्या बँकांचा वाटा मोठा, व्हिएतनाम थोडं. पण रुपयात पैसे भरायचे, परदेशात रक्कम पाठवायची भानगड नाही. २४ महिन्यांनंतर नफ्यावर १२.५ टक्के कर, परदेशी मालमत्तेचं वेगळं विवरण नाही. ज्यांची रक्कम लाखाच्या आत आहे त्यांनी इथेच थांबावं. का, ते खालच्या हिशोबात दिसेल.

ईटीएफसाठी पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून जातात, म्हणजे भारतात राहणाऱ्याला परदेशात पैसे पाठवायची जी मुभा आहे तिच्यातून. माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्याला नडत नाही. नडतं ते दुसरंच. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतून किंवा पतसंस्थेतून ही रक्कम पाठवता येत नाही. परकीय चलनाचा परवाना असलेली बँक लागते, आणि त्या बँकेची तालुक्याची शाखाही फाईल नागपूर-अमरावतीच्या शाखेकडे सरकवते. त्या बँकेत आपलं खातं किमान एक वर्ष जुनं हवं. नवं असेल तर जुन्या बँकेचा उतारा आणि विवरणपत्र मागतात. म्हणून विचार पक्का होण्याआधीच, निदान वर्षभर आधी, असं खातं उघडून शेतीचा पैसा त्यातून फिरवायला लागावं. व्यापाऱ्याकडून रोखीने घेतलेले पैसे एकदम खात्यात भरले आणि लगेच परदेशात पाठवायला गेलं की चौकशी ठरलेली. बाजार समितीची हिशोबपट्टी, सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) पावती, सातबारा आणि त्या रकमेची खात्यातली नोंद, हे चार कागद एका फाईलीत ठेवले की पैशाचा स्रोत दाखवायला अडचण येत नाही. पॅन अनिवार्य आहे. ए-टू नावाच्या फॉर्मवर हेतू लिहावा लागतो, त्यात परदेशी शेअरमधल्या गुंतवणुकीचाच कोड टाकावा. घरखर्चाचा टाकला तर पुढे करविवरणाशी मेळ बसत नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. पीककर्ज वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं, म्हणून ते उचलून असं कुठे लावायचं डोक्यात येऊ शकतं. बँकेच्या कर्जातून परदेशी गुंतवणुकीसाठी रक्कम पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आणि मनाई नसती तरी ३१ मार्चला परतफेड असलेला पैसा अशा बाजारात घालणं म्हणजे पेरणी बुडवणं. तसंच पाठवलेली रक्कम ब्रोकरकडे नुसती पडून ठेवता येत नाही. १८० दिवसांत गुंतवली नाही तर परत आणावी लागते.

खर्चाचा हिशोब असा. समजा बाजारात डॉलर ८६ ला आहे आणि बँक ८७.५० ने देते. १ लाख पाठवले तर या फरकातच १,७०० च्या वर जातात. बँकेचं शुल्क १,००० आणि त्यावर जीएसटी १८०, चलन बदलल्यावरचा जीएसटी आणखी १८०, वाटेतली परदेशी बँक १५ डॉलर कापते, म्हणजे १,३०० च्या आसपास. एकूण ४,४०० गेले, सव्वाचार टक्क्यांहून जास्त, आणि शेअर अजून घेतलेलाच नाही. ६ लाख एकरकमी पाठवले तर हाच खर्च सव्वादोन टक्क्यांच्या जवळपास येतो, कारण शुल्क एकदाच लागतं. भावाच्या फरकावर बँकेशी घासाघीस करता येते, आणि ती करावीच, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथेच जाते. वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. १२ लाखांवर ४०,००० होतात. विवरणपत्रात ते परत मिळतात, पण तोवर पैसा अडकतो.

ईटीएफ घेताना वेळ लक्षात ठेवायची. अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी ७ ला, हिवाळ्यात ८ ला उघडतो. तेव्हा हो ची मिन्हचा बाजार बंद असतो. म्हणजे ईटीएफचा भाव हा उद्या तिथे काय होईल याचा अंदाज असतो. तेत, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आठवडाभराच्या सुट्टीत तर हा अंदाज फारच सैल होतो. फंडाच्या संकेतस्थळावर निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे फंडातल्या शेअरची खरी किंमत, रोज दिसतं. त्याच्या एक-दीड टक्का वर भाव चालू असेल तर थांबावं, आणि ऑर्डर नेहमी भाव ठरवून टाकावी. फंडातले पहिले दहा शेअरही वाचावेत. विनग्रुप आणि विनहोम्स हे एकाच घरचे शेअर आहेत. २०२५ च्या तेजीत या समूहाचा वाटा फार मोठा होता.

कर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आमच्याकडे पुष्कळ जण विवरणपत्र भरतच नाहीत. परदेशातला एक शेअर जरी नावावर आला तरी उत्पन्न शून्य असो, विवरणपत्र भरावंच लागतं, आणि तेही आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतं. त्यातलं ‘शेड्यूल एफए’, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, आर्थिक वर्षाप्रमाणे भरायचं नसून जानेवारी ते डिसेंबरप्रमाणे भरायचं असतं. आमच्याकडच्या कर सल्लागारांनाही हा प्रकार क्वचितच करावा लागतो, तेव्हा ब्रोकरचा ३१ डिसेंबरचा उतारा, वर्षातलं सर्वोच्च मूल्य आणि स्टेट बँकेचा त्या दिवशीचा खरेदी दर आपणच काढून न्यावा. माहिती दडवली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या जंगम परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण नोंद करण्यातून नाही.

लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापून घेते, तेही आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरला असेल तर. तो कर इथे वळता करून घ्यायला फॉर्म ६७ लागतो. आणि वारसाकर! अमेरिकेत नोंदलेली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली आणि धारक वारला, तर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. म्हणून त्या आकड्याच्या बऱ्याच आत राहायचं, आणि ब्रोकरकडचं खातं, त्याची नोंद, विवरणपत्रं घरच्यांना माहीत हवीत.

शेवटची तपासणी विदर्भासाठी खास. व्हिएतनाम जवळपास सगळा कापूस आयात करतो, सूत काढतो, कपडे शिवतो आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे. अमेरिकेत कपड्यांची मागणी पडली की तिथले कारखानेही बसतात आणि आपल्या जिनिंगमधला रुईचा भावही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने व्हिएतनामवर ४६ टक्के आयातशुल्क जाहीर केलं, पुढे ते २० वर आलं. ऑगस्टमध्ये आपल्यावर ५० टक्के लागलं आणि आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढलं. एकाच वर्षात दोन्हीकडे तडाखा. ज्याचं घर पराटीवर, म्हणजे कापसावर, चालतं त्याने हे समजून घ्यावं की इथलं पीक आणि तिथला शेअर एकाच वेळी आडवे होऊ शकतात. संत्रा, दूध किंवा पगार असलेल्या घराला हा धोका तेवढा नाही.

या सगळ्यावरून मी ठरवलं ते असं. घरात वर्षभराचा खर्च आणि पुढच्या हंगामाचं बी-बियाणं, खत बाजूला काढल्यावर शेअरमध्ये जी एकूण रक्कम आहे तिच्या ५ टक्के व्हिएतनामला, तीही १० वर्षं हात न लावता. दोन हप्ते, वर्षाच्या अंतराने, प्रत्येक एकरकमी. निर्देशांक २०२२ सारखा ४० टक्के पडला तरी विकायचं नाही, पण फंडात विनग्रुपच्या घरचे शेअर पाव हिश्श्याच्या वर गेले तर दुसरा हप्ता ईटीएफमध्ये न टाकता आसियान फंडात टाकायचा.