आधी गृहपाठ शोधावा

गेल्या जूनमध्ये लातूरच्या माझ्या भाचीचा फोन आला. ती एस. वाय. बी. एस्सी.ला आहे. लिनिअर अल्जिब्रा आणि क्वांटम मेकॅनिक्स स्वतःच्या बळावर नीट शिकावे, असे तिच्या मनाने घेतले होते. "मामा, इंटरनेटवर फुकट इतकं आहे की कुठून घ्यावं तेच कळत नाही," हे तिचे म्हणणे. मी मोठ्या उत्साहाने दहा मिनिटांत अकरा दुवे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी विचारपूस केली, तेव्हा तिची नऊ व्याख्याने पाहून झाली होती, आणि कागदावर मात्र एकही गणित सोडवलेले नव्हते. दोष तिचा नव्हता; अकरापैकी अकराही दुवे मी व्हिडिओंचेच दिले होते.

हीच चूक मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी केली होती. नोकरीवरून आल्यावर रात्री जेवणानंतर मी अमेरिकेतल्या एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्याने ओळीने पाहत असे. १९९९ साली चित्रित झालेली ही व्याख्याने इतकी स्वच्छ आहेत की ऐकणाऱ्याला आपल्याला सगळे समजले असे वाटू लागते. पहिल्याच तासाला ते फक्त दोन समीकरणे घेतात: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. (फळ्यावर अर्थातच रोमन अक्षरे आहेत; क्ष आणि य ही माझी शाळेपासूनची सवय.) आपल्याला ठाऊक असलेले चित्र म्हणजे आलेखावर दोन रेषा काढायच्या आणि त्या (१, २) या बिंदूत छेदतात हे पाहायचे. स्ट्रँग मात्र लगेच तीच समीकरणे आडवी न वाचता उभी वाचून दाखवतात. (२, −१) हा एक सदिश (व्हेक्टर) आणि (−१, २) हा दुसरा. पहिल्याची किती पट आणि दुसऱ्याची किती पट घेतली म्हणजे (०, ३) मिळेल? पहिला एकदा आणि दुसरा दोनदा घेतला की मिळतो. उत्तर तेच, पण प्रश्न पार बदलला. रेषांचा छेद शोधण्याऐवजी आता 'या दोन सदिशांच्या मिश्रणातून काय काय तयार होऊ शकते' असे आपण विचारू लागतो, आणि पुढचा जवळजवळ सगळा विषय याच प्रश्नातून उलगडत जातो.

हे ऐकताना मी मान डोलावली होती. पुढे कित्येक महिन्यांनी त्या अभ्यासक्रमाचे गृहपाठ उघडले, तेव्हा तीन सदिशांपैकी तिसरा हा पहिल्या दोघांची बेरीज असेल तर उजवीकडे कोणतीही संख्यात्रयी दिली तरी उत्तर निघेल काय, या धर्तीच्या प्रश्नाशी मी अर्धा तास अडून बसलो. निघणार नाही: पहिले दोन सदिश वेगवेगळ्या दिशांचे असले तरी तिघे मिळून एकाच प्रतलात राहतात, प्रतलाबाहेरचे काहीही त्यांच्याकडून तयार होत नाही, आणि प्रतलातले जे तयार होते ते अनंत प्रकारे होते. एवढीच गोष्ट, पण ती व्याख्यानात ऐकलेली असूनही माझ्या हाताला आलेली नव्हती. तेव्हापासून कोणताही मोफत अभ्यासक्रम पाहताना मी एकच कसोटी लावतो: प्रश्नसंच आहेत का, आणि असल्यास त्यांची उत्तरे आहेत का?

या कसोटीवर एमआयटीचे ओपनकोर्सवेअर अजूनही सर्वांत भक्कम उतरते. आपले अभ्यासक्रम जगाला फुकट देणार, अशी घोषणा त्या संस्थेने एप्रिल २००१मध्ये केली, २००२मध्ये पहिले पन्नास अभ्यासक्रम आले आणि २००७च्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या अठराशेवर गेली. नाव नोंदवावे लागत नाही, पदवी मिळत नाही, कोणी हजेरी घेत नाही. तिथे वावरण्यासाठी त्यांची क्रमांकपद्धत तेवढी माहीत करून घ्यावी: ८ने सुरू होणारे ते भौतिकशास्त्र, १८ने सुरू होणारे ते गणित. १८.०१ हे एका चलाचे कॅल्क्युलस, १८.०२ अनेक चलांचे, १८.०३ डिफरन्शियल इक्वेशन्स, १८.०६ म्हणजे स्ट्रँग यांचा वरचा विषय. भौतिकशास्त्रात ८.०१ मेकॅनिक्स, ८.०२ विद्युत आणि चुंबकत्व, ८.०४ क्वांटम मेकॅनिक्सची सुरुवात.

मात्र एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या प्राध्यापकांची पाने असतात आणि ती सारखी नसतात. ८.०४चेच घ्या. २०१३ची आवृत्ती अ‍ॅलन अ‍ॅडम्स यांची आहे. इलेक्ट्रॉनला 'रंग' आणि 'कठीणपणा' असे दोन काल्पनिक गुणधर्म देऊन ते पहिल्याच तासाला ऐकणाऱ्याची झोप उडवतात. २०१६ची बार्टन त्स्वीबाख यांची. ती अधिक शिस्तशीर आहे आणि पायरीपायरीने चढत जाते. भाचीला मी दुसरी सुचवली, पण पहिल्या आवृत्तीचे पहिले व्याख्यान मुद्दाम पाहायला लावले. काही अभ्यासक्रमांच्या पानावर विषयांची यादी आणि वाचनासाठी पुस्तकांची नावे यापलीकडे काही नसते, तर काहींवर टिपणे, गृहपाठ, त्यांची उत्तरे आणि जुन्या परीक्षाही उत्तरांसकट असतात. म्हणून पान उघडल्यावर प्रथम डावीकडचा मजकूर वाचावा, व्हिडिओवर टिचकी नंतर मारावी. २०११ पासून काही निवडक अभ्यासक्रम एकट्याने शिकणाऱ्यांसाठी वेगळे मांडलेले आहेत आणि १८.०६ त्यांपैकी एक आहे; त्यात सहायक शिक्षक एकेक गणित फळ्यावर सोडवून दाखवतात. अभ्यासक्रमाचा सगळा मजकूर एकगठ्ठा उतरवूनही घेता येतो. वसतिगृहातल्या मोबाईल डेटावर दिवस काढणाऱ्या मुलीसाठी ही सोय फार मोलाची ठरली. शिवाय हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे, श्रेय देऊन आणि पैसे न घेता, एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांनी त्याच्या प्रती काढून वर्गात वाटल्या तरी ते रीतसरच आहे.

इंग्लंडची तऱ्हा निराळी आहे. केंब्रिजच्या डेव्हिड टाँग यांची टिपणे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये जगभर वाचली जातात: क्लासिकल डायनॅमिक्सपासून क्वांटम फील्ड थिअरीपर्यंत, सगळी त्यांच्या स्वतःच्या पानावर, बोलल्यासारख्या भाषेत आणि मधूनमधून मिस्कीलपणे लिहिलेली. एखादी गोष्ट का करायची हे सांगितल्याशिवाय ते ती करत नाहीत, आणि भारतीय पाठ्यपुस्तकांवर वाढलेल्या माणसाला हे वाचताना सुखद धक्का बसतो. त्यांच्याच विभागाच्या संकेतस्थळावर 'एक्झाम्पल शीट' या नावाने प्रत्येक विषयाचे प्रश्नसंच आहेत, आणि ट्रायपॉस या तिथल्या पदवी परीक्षेच्या २००१ पासूनच्या प्रश्नपत्रिकाही आहेत. ऑक्सफर्डच्या गणित विभागाचीही टिपणे आणि प्रश्नसंच बरेचसे उघडे आहेत. पण उत्तरे नाहीत. कारण सरळ आहे: तिथले विद्यार्थी सोडवलेला संच घेऊन बहुधा दोघादोघांनी शिक्षकासमोर बसतात आणि चुका तोंडी दुरुस्त होतात. ते समोर बसणे इंटरनेटवर चढवता येत नाही. त्यामुळे केंब्रिजचे संच पहिल्या फेरीला घेऊ नयेत. एमआयटीच्या उत्तरांवर हात बसल्यावर घ्यावेत.

आपल्याकडचे एनपीटीईएल हे मोफत व्याख्यानांचे भांडार २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून सुरू केले. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची क्लासिकल आणि क्वांटम फिजिक्सची व्याख्याने ही, माझ्या मते, त्या भांडारातली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. हातात कागद नाही, पडद्यावर स्लाइड नाही, खडू आणि फळा एवढ्यावर तासभर विषय असा उभा राहतो की मध्येच थांबवून मागे जाण्याचा मोह आवरत नाही. गृहपाठाच्या बाबतीत मात्र तिथे थोडे जपून राहावे लागते. साप्ताहिक प्रश्न संगणकाला तपासता यावेत म्हणून बहुतेक पर्यायी उत्तरांचे असतात, आणि चार पर्यायांतून एक निवडणे आणि कोऱ्या कागदावर सिद्धता लिहिणे यांत फार अंतर आहे. बालकृष्णन यांचे व्याख्यान आणि ८.०४चा गृहपाठ ही जोडी मला सर्वांत मानवली.

मुंबईचाही एक खजिना आहे, जो मुंबईकरांनाही फारसा ठाऊक नसतो. १९५०च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्था अजून कुलाब्याच्या आजच्या इमारतीत गेलेली नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. त्या काळी परदेशातले पहिल्या फळीचे गणिती तिथे येऊन व्याख्याने देत आणि संस्थेतले तरुण त्यांची टिपणे काढून छापण्याजोगी करत. फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळवलेल्या लोराँ श्वार्त्झ यांच्या १९५५च्या व्याख्यानांची टिपणे एम. एस. नरसिंहन यांनी काढली. पुढे ते स्वतः भारतातल्या अग्रगण्य गणितींमध्ये गणले गेले. कार्ल लुडविग झीगल यांचीही व्याख्याने याच मालेत आहेत. आता ही जुनी टिपणे नव्याने अक्षरजुळणी करून संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेली आहेत. बी. एस्सी.च्या मुलीला आज त्यांचा उपयोग नाही, हे मला मान्य आहे. तरी मी तिला त्यातले एक उघडून दाखवलेच.

याखेरीज १९९१ साली सुरू झालेल्या अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर संशोधन-निबंधांच्या गर्दीत संपूर्ण अभ्यासक्रमांची टिपणेही दडलेली असतात; शॉन कॅरल यांची जनरल रिलेटिव्हिटीची १९९७ची टिपणे त्याचा उत्तम नमुना. अ‍ॅलन हॅचर यांचे अल्जिब्राइक टोपॉलॉजीचे पुस्तक २००२ मध्ये छापून आले, पण लेखकाच्या पानावर ते आजही मोफत आहे. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांची प्रसिद्ध व्याख्याने अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या वतीने २०१३ पासून ऑनलाइन वाचता येतात. आणि कोणत्या विषयानंतर कोणता घ्यावा हा प्रश्न पडला, तर नोबेल-विजेते खेरार्ड 'ट होफ्ट यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्यांसाठी केलेली यादी पाहावी; ती शाळेच्या गणितापासून सुरू होते, आणि ती वाचून छाती दडपली तर त्यात काही वावगे नाही.

आता प्रत्यक्ष शोधण्याविषयी. नुसते विषयाचे नाव टाकले की शिकवण्यांच्या जाहिराती पुढे येतात. त्याऐवजी विषयाच्या नावाला 'प्रॉब्लेम सेट' आणि 'सोल्यूशन्स' हे शब्द जोडावेत, इंग्लंडातले हवे असल्यास 'एक्झाम्पल शीट' किंवा 'प्रॉब्लेम शीट' म्हणावे, आणि अर्थातच सर्व रोमन लिपीत. 'फाइलटाइप' या शब्दापुढे अपूर्णविराम (:) देऊन पीडीएफ लिहिले, तर पुष्कळसा कचरा गळून पडतो. 'साइट'पुढे तसेच करून विद्यापीठाचा पत्ता दिला, तर शोध त्या विद्यापीठापुरता राहतो. सर्वांत चांगले साहित्य अनेकदा विद्यापीठाच्या चकचकीत पानावर नसते. ते एखाद्या प्राध्यापकाच्या वीस वर्षांत रंग न बदललेल्या वैयक्तिक पानावर असते. तो निवृत्त झाला की पानही जाते. अशा वेळी मेलेला पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या, जुनी पाने जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहावा. माझ्याकडचे स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचे दोन पूर्ण प्रश्नसंच तिथूनच परत मिळालेले आहेत. पायरसीच्या पुस्तकांच्या वाटेला जाण्याची गरज मला या विषयांत तरी कधी पडलेली नाही.

भाचीला पाठवलेली अकरा दुव्यांची यादी मी रद्द केली. आता तिच्याकडे तीनच पाने आहेत: १८.०६चे गृहपाठ, ८.०४चे गृहपाठ आणि बालकृष्णन. दर रविवारी संध्याकाळी ती सोडवलेल्या कागदांचे फोटो पाठवते, मी माझे पाठवतो, आणि मग दोघे मिळून उत्तरांच्या पानाशी ताडून पाहतो. प्रतलाचा तो प्रश्न तिने दहा मिनिटांत सोडवला; शेजारी एक तिरके प्रतल काढून त्याबाहेर एक ठिपका दिला होता आणि खाली "इथे पोहोचता येत नाही" असे लिहिले होते. दिवाळीनंतर धीर करून आम्ही केंब्रिजचा पहिला संच घेतला. त्यातला पाचवा प्रश्न आम्हा दोघांनाही अजून सुटलेला नाही.