एचआयएल रिग उभारताना: आधी बोर्ड खरोखर बंद करा

हार्डवेअर-इन-द-लूप (एचआयएल) चाचणी, म्हणजे खऱ्या बोर्डाला बनावट सेन्सर-सिग्नल देऊन त्यातलं फर्मवेअर तपासणं, म्हटलं की बहुतेक जण थेट पायथन उघडून बसतात. घोळ मात्र वीजपुरवठ्यात असतो. प्रत्येक चाचणी कोऱ्या अवस्थेतून सुरू झाली नाही, तर निकालांना काही अर्थ उरत नाही.

साधी मांडणी धरू. चाचणीसाठी एसटीएम३२एफ४ या मायक्रोकंट्रोलर चिपचा बोर्ड, फर्मवेअर टाकायला एसटी-लिंक हा प्रोग्रामर आणि ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर, चाचण्या चालवायला रास्पबेरी पाय ४ या छोट्या लिनक्स संगणकावर पायटेस्ट हे पायथनचं टूल, ॲनालॉग सेन्सरचं सोंग वठवायला एमसीपी४७२५ हा १२ बिटी डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) आणि वेळेच्या नाजूक कामांसाठी रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. ग्राउंड सगळ्यांचं एकच.

बोर्डाचा पुरवठा रिलेने किंवा पी-चॅनेल मॉस्फेटने तोडा आणि लगेच व्हीडीडी, म्हणजे चिपच्या पुरवठ्याच्या पिनवरचं व्होल्टेज, मोजा. शून्याऐवजी एक-दीड व्होल्ट दिसला, तर वीज मागच्या दाराने येते आहे. बोर्डाला जोडलेल्या यूएआरटीची (सिरियल पोर्टची) टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणारी लाइन निवांत असताना हाय असते. पिनच्या आतले संरक्षक डायोड किंवा बाहेरचे पुल-अप यांतून ती चिपला थोडं थोडं पाजत राहते. डॅकचं आउटपुटही तेच करतं. मग रॅममधला जुना डेटा टिकतो, रिसेटचं कारण चुकीचं नोंदलं जातं आणि तीच चाचणी कधी पास, कधी फेल होते. म्हणून क्रम पाळा: डॅक शून्यावर, पायसिरियल या पायथन लायब्ररीत ब्रेक (लाइन सतत लो धरणारा सिग्नल) चालू करून टीएक्स लो, आणि मगच पुरवठा बंद.

कपॅसिटरही वेळ खातात. ४७० मायक्रोफॅरॅडला १ किलोओहमचा डिस्चार्ज रेझिस्टर लावला तर टाइम कॉन्स्टंट ०.४७ सेकंद, म्हणजे पुरतं उतरायला साधारण अडीच सेकंद. पण कोडमध्ये 'तीन सेकंद थांब' लिहून मोकळं होऊ नका. पिकोच्या एडीसीने (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाने) व्हीडीडी वाचा आणि १०० मिलीव्होल्टच्या खाली गेल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

एवढा आटापिटा का, तर ओपनओसीडीची एसटीएम३२एफ४साठीची स्क्रिप्ट डीबगची काही बिटं लावून ठेवते: स्लीप-स्टॉप मोडमध्येही डीबगचं क्लॉक चालू राहतं, आणि कोअर थांबवला की वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) थांबतो. साध्या रिसेटने ही बिटं पुसली जात नाहीत, पॉवर-ऑन रिसेटच, म्हणजे पुरवठा पूर्ण तोडून पुन्हा देणंच, लागतो. फ्लॅश करून नुसता रिसेट दिला आणि स्टॉप मोडचा करंट मोजला, तर आकडा फुगलेला येणार. त्यात फर्मवेअरचा दोष नसतो.

पुरवठा चालू करण्याआधी सिरियल पोर्ट उघडून वाचन सुरू असू द्या, नाहीतर बूटच्या पहिल्या ओळी हुकतात. पोर्टचं नाव लिनक्सच्या बाय-आयडी फोल्डरमधून घ्या, तिथे नाव ॲडॅप्टरच्या सिरियल नंबरवरून ठरतं. क्रमांकाची नावं रीबूटनंतर बदलू शकतात. सीएच३४०च्या स्वस्त ॲडॅप्टरांना बहुधा वेगळा सिरियल नंबर नसतो, तिथे बाय-पाथ वापरा, त्यात नाव यूएसबीच्या जागेवरून ठरतं.

पायथनच्या स्लीपवर (थांबण्याच्या कमांडवर) मिलिसेकंदाखालचे पल्स सोपवू नका. लिनक्स मध्येच दुसरं काम उचलतं. पिकोचा पीआयओ (पिन हाताळणारं स्वतंत्र हार्डवेअर) १२५ मेगाहर्ट्झला ८ नॅनोसेकंदांच्या पायरीने पल्स देतो आणि मोजतोही. बोर्डावर कॅन बस (गाड्यांमध्ये वापरतात ती दोन तारांची संवादवाहिनी) असेल तर सगळं बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा: ६० ओहमच्या आसपास हवं. १२० दिसलं तर एका टोकाचा टर्मिनेटर (१२० ओहमचा रेझिस्टर) नाही.

एसटीएम३२एफ४च्या फ्लॅश मेमरीची हमी १०,००० वेळा लिहिण्याची. दिवसाला ४० वेळा फ्लॅश केलं तर २५० दिवसांत ती संपते. त्यामुळे फ्लॅशिंगचं फिक्स्चर (पायटेस्टमधली पूर्वतयारीची पायरी) सेशनला, म्हणजे चाचण्यांच्या एका पूर्ण फेरीला, एकदाच चालवा.

रिगचीही परीक्षा घ्या. वॉचडॉग मुद्दाम बंद केलेलं एक फर्मवेअर जवळ ठेवा. रिगने त्याला नापास केलं नाही, तर त्या फेरीचे बाकीचे हिरवे (पास झालेले) निकाल ग्राह्य धरू नका. आणि अधूनमधून फेल होणाऱ्या चाचणीला 'तीनदा चालवून बघ'चं ठिगळ लावू नका, आधी व्हीडीडीचा लॉग उघडा.