सीटच्या नळीतली चिठ्ठी

सायकल घेऊन अकरा दिवस झाले होते. बसलं की सीट कुरकुरायची, म्हणून ग्रीस लावायला सीट पोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, पूर्ण उपसून काढला. नळीतला गंज झाडावा म्हणून सायकल उलटी करून हलवली, तर आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, रबरबँड लावलेली चिठ्ठी टपकन पडली. एक नाव, एक फोन नंबर आणि खाली ओळ: ‘ही सायकल माझी आहे. दुसऱ्या कुणाकडे दिसली तर कळवा.’

उलट्या सायकलवर मग मी ते बघितलं, जे घेतानाच बघायला हवं होतं. पेडलांचा दांडा फ्रेममधून जातो ना, तिथं खालच्या अंगाला फ्रेम नंबर कोरलेला असतो. या सायकलवर त्या जागी कानस फिरवलेली होती. आडवेतिडवे ओरखडे आणि शेवटचे दोन आकडे कसेबसे शाबूत. घेताना मी ब्रेक दाबले, चेन बघितली, चाक आउट आहे का ते फिरवून पाहिलं. सायकल उलटी करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

‘मला काय माहीत!’ हे माझं पहिलं वाक्य. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. भाव निम्म्याहून कमी होता. विकणाऱ्यानं घरी न बोलावता अंधार पडल्यावर रस्त्यावर बोलावलं होतं. पावती नव्हती; सायकल म्हणे मित्राची. आणि मी सीट खाली करायला सांगितली, तर त्याला तिचा खटका कुठाय तेच सापडेना. हे सगळं मी पाहिलं होतं. पाहून मनात आलं काय, तर घासाघीस करायला हरकत नाही!

माझी एक मैत्रीण वकील आहे. ती हसली नाही, पण हसल्यासारखंच बोलली. मालक नसलेल्यानं वस्तू विकणं याला जुन्या धर्मशास्त्रात ‘अस्वामिविक्रय’ असं चक्क स्वतंत्र प्रकरण आहे. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते, ज्याच्याकडे ती वस्तू असण्याचा संभव नाही त्याच्याकडून, एकांतात, कमी किमतीत किंवा अवेळी घेणारा हा चोरच. मी मनात बोटं मोजली. चारही.

आजही बहुतेक ठिकाणचा मूळ नियम तोच, की जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, मग मधे किती का हात बदलेनात. इटलीत वेगळं आहे. तिथं रीतसर व्यवहारात, प्रामाणिक समजुतीनं घेतलेली अशी वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याची होऊ शकते. मला क्षणभर इटलीबद्दल भलतंच प्रेम वाटलं. मग ‘प्रामाणिक समजुतीनं’ हे शब्द आठवले, आणि तो खटका चाचपडणारा हात.

विकणाऱ्याला मी नुसतं लिहिलं, ‘सायकलमध्ये प्रॉब्लेम आहे.’ दोन मिनिटांत उत्तर: ‘परत आणा, पूर्ण पैसे देतो.’

खरी परीक्षा ही होती, आणि मी ती चटकन पास झाले नाही. तीन दिवस घेतले. माझे पैसे परत मिळण्याचा तो एकच रस्ता होता, आणि त्याला ‘परत करणं’ म्हणताही येत होतं. पण परत कुणाला? त्याच्या हातात दिली की ती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तरी अंधारातच विकली जाणार, तेही चिठ्ठीशिवाय. आणि या खेपेला मला सगळं माहीत असणार.

चौथ्या दिवशी चिठ्ठीवरच्या नंबराला फोन केला. मला वाटलं होतं, बाई आनंदानं रडतील वगैरे. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कशी आली?” आवाज थंड. मला रागच आला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न मी विकणाऱ्याला विचारलाच नव्हता.

सायकल परस्पर द्यायची नाही, असं मैत्रिणीनं बजावलं होतं. बाईंची चोरीची तक्रार नोंदलेली होती; ती तशीच राहिली तर उद्या त्याच स्वतःच्या सायकलवर अडवल्या जायच्या. म्हणून पोलीस चौकीत भेटलो. विकणाऱ्याचे मेसेज दिले, जबाब दिला. सायकल लगेच त्यांना मिळाली नाही, कागदपत्रं व्हायला बरेच दिवस गेले.

आता टायरचं. दोन्ही नवे मी टाकले होते. घरातून सल्ला आला, “टायर तरी काढून घे.” माझा दिवा मी काढला, टायर राहू दिले. चांगुलपणा म्हणून नव्हे. जुने मी फेकून दिले होते, आणि सायकल नुसत्या रिमवर उभी करून देणं कसंतरीच दिसलं असतं. पैसे मागावेत असंही आलं मनात. मागितले नाहीत, आणि अजून अधूनमधून वाटतं की मागायला हवे होते.

ताबा मिळाला त्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं. बाई माझ्याहून बऱ्याच बुटक्या. टायर त्यांच्या लक्षात आले की नाही कोण जाणे. खाली न बघता त्यांनी सीटचा खटका उघडला, सीट चार बोटं खाली दाबली आणि खटका लावला. सीट पोस्टवर खिळ्यानं ओढलेली एक बारीक रेघ होती, नेमकी फ्रेमच्या तोंडाशी येऊन थांबली. मी तो पोस्ट पुसताना ती रेघही ओरखडा समजून घासली होती.