शिवडीच्या नोंदी: ॲक्सेस ९७ मधून ॲक्सेस २०२१ मध्ये

फाइल उघडली आणि १९९८ पासूनची एकही ओळ गळलेली नाही. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात पक्ष्यांच्या नोंदी ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, भरायला घेतल्या आणि आता नवा संगणक घ्यायचं म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

माझी फाइल ॲक्सेस ९७ मधली. परळच्या घरी सेकंडहँड पेंटियम आला तेव्हा केलेली. शिवडीची खाडी, भांडुप पंपिंग स्टेशन, बोरिवलीचं नॅशनल पार्क, जिथे जिथे दुर्बीण घेऊन गेले ते सगळं त्यात आहे. चालतंय तोवर हात लावायचा नाही, असं म्हणत वर्षं गेली. मे महिन्यात त्या मशीनचा पॉवर सप्लाय गेला. हार्ड डिस्क शाबूत होती, म्हणून फाइल तेवढी बाहेर काढता आली.

नव्या लॅपटॉपवर ती उघडेना. फाइल खराब झाली असं वाटून तुम्ही घाबरू नका. २०१३ च्या आवृत्तीपासून ॲक्सेस ९७ ची फाइल उघडतच नाही, मधली पायरी लागते. २००७ किंवा २०१० मध्ये ती उघडून एसीसीडीबी या ॲक्सेसच्या नव्या फाइल स्वरूपात साठवायची आणि मग पुढे न्यायची. दादरच्या एका मैत्रिणीकडे २०१० होतं. तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून अर्ध्या तासात काम झालं. त्याआधी मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन रीड ओन्ली करून ठेवल्या. एवढं मात्र सगळ्यात आधी करा.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. ९७ च्या ॲक्सेसमध्ये युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, नव्हतं, ते २००० च्या आवृत्तीत आलं. त्यामुळे माझं सगळं मराठी तेव्हाच्या फॉन्टमध्ये होतं, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट काढला की पक्ष्याचं नाव वाचताच येत नाही. रूपांतर करणारी तयार साधनं आहेत, पण मला प्रत्येक बदल स्वतः बघायचा होता, म्हणून व्हीबीएमध्ये, म्हणजे ॲक्सेसच्या आतल्या प्रोग्रॅमिंग भाषेत, छोटं फंक्शन लिहायला घेतलं.

तिथे पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही. 'श' टाइप केला की प्रश्नचिन्ह उमटतं. म्हणून जुनं अक्षर कोणतं आणि त्याच्या जागी नवं कोणतं, ही यादी कोडमध्ये न ठेवता एका टेबलात ठेवली, टेबलात देवनागरी व्यवस्थित राहते. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. ॲक्सेस शोधताना लहान आणि मोठी इंग्रजी लिपी एकच धरतं. जुन्या फॉन्टमध्ये मात्र लहान 'के' म्हणजे एक अक्षर आणि मोठा 'के' म्हणजे दुसरंच. त्यामुळे यादीतून चुकीचं अक्षर उचललं जात होतं. शेवटी अक्षराऐवजी त्याचा क्रमांक साठवला आणि क्रमांकावरच शोध लावला, तेव्हा गाडी रुळावर आली.

मग वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसंच साठवलं जायचं. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून आधीच टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. मी नियम लिहिला: वेलांटी दिसली की पुढच्या अक्षरापलीकडे टाक. 'शिंपी' बरोबर आला, 'शिंजीर' बरोबर आला आणि 'अग्निपंख'ची 'अगि्नपंख' झाली. वेलांटीने एकट्या 'ग' वरून उडी मारली होती, तिला सबंध 'ग्न' ओलांडायला हवं होतं. रफाराचं उलटं. तो जुन्या फॉन्टमध्ये शेवटी टाइप व्हायचा आणि त्याला मागे न्यायचं. 'नर्तक'मध्ये एका 'त' वरून, पण 'स्वर्गीय'मध्ये आधी दीर्घ वेलांटी आणि मग 'ग', अशा दोघांवरून. स्वर्गीय नर्तक नॅशनल पार्कमध्ये मला पहिल्यांदा दिसला, त्या दिवसाची नोंद चाचणीला घेतली होती. ती ओळ पडद्यावर नीट उमटली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी उठून चहा टाकला.

रूपांतर नव्या रकान्यात केलं. जुना रकाना तसाच आहे, त्याला नाव दिलंय 'मूळ'. यावर माझं मत ठाम आहे. चिखलात उभं राहून त्या सकाळी जे लिहिलं, ती साक्ष आहे आणि साक्षीत नंतर खाडाखोड करायची नसते. सुधारणा हवी असेल तर शेजारच्या रकान्यात करा.

आता ज्या गोष्टीने मला आठवडाभर छळलं ती. गेल्या काही वर्षांच्या नोंदी युनिकोडमध्येच होत्या, घरी इनस्क्रिप्ट कीबोर्डने आणि फोनवर दुसऱ्या कीबोर्डने भरलेल्या. सगळं एकत्र आणून अधिवासानुसार मोजणी केली तर 'खाऱ्या पाण्याची दलदल' दोनदा आली, दोन वेगवेगळ्या आकड्यांसह. डोळ्यांना दोन्ही ओळी अगदी सारख्या. शेवटी एकेका शब्दाची लांबी मोजायला लावली. एक 'खाऱ्या' सहा अक्षरांचा, दुसरा सात. पहिल्यात आपला मराठी 'ऱ' होता, क्रमांक २३५३, मग हलन्त, मग 'या'. दुसऱ्यात साधा 'र', क्रमांक २३५२, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. दिसायला दोन्हीकडे तोच अर्धचंद्र र.

मी सगळीकडे 'ऱ' ठेवला. अक्षरं बदलणारं रिप्लेस फंक्शन वापरताना तुलना बायनरी, म्हणजे थेट अक्षरांच्या क्रमांकांची, हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर ते डेटाबेसच्या वर्णक्रमाने तुलना करतं आणि असली अदृश्य चिन्हं हाती लागतीलच याची खात्री नाही. 'ॲ' चंही तेच. एक सलग अक्षर आहे, २४१८ क्रमांकाचं, आणि दुसरा 'अ' वर वेगळा अर्धचंद्र लावलेला. तुमच्या नोंदीत 'किनाऱ्यावर', 'ताऱ्या', 'ॲकेशिया' असले शब्द असतील तर लांबी एकदा तपासाच.

नव्या आवृत्तीतली सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे टेबलातच गणित करणारा रकाना, जो २०१० पासून आहे. शिवडीला पक्षी बघायचे तर भरती-ओहोटी कळायला हवी. पाणी चढू लागलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलावरून सरकत किनाऱ्याजवळ येतात. सुरुवातीच्या दिवसांत शिवडीच्या एका कोळीकाकांनी मला सांगितलं होतं, "पोरी, तिथीची पाऊणपट कर, भरती कळंल." चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे, पण घरून किती वाजता निघायचं ते ठरवायला पुरतो. तिथी मी पहिल्यापासून लिहीत आले, भरतीची वेळ मात्र दर वेळी बोटांवर. आता ती आपोआप येते.

त्यातही दोन खाचा निघाल्या. पंचांगात अमावस्या ३० लिहितात, मीही तशीच भरलेली. तिची पाऊणपट साडेबावीस होते, म्हणून ३० असेल तर १५ धर अशी अट घातली. आणि १५ ची पाऊणपट येते ११.२५, जी घाईत अकरा पंचवीस वाचली जाते. ती आहे सव्वाअकरा. उत्तराला २४ ने भागून रकान्याचा प्रकार तारीख-वेळ केला की ११:१५ असं स्वच्छ दिसतं.

बाकीचं भराभर सांगते. फॉर्मवरचं जुनं कॅलेंडर २०१० पासून मिळत नाही, पण तारखेच्या चौकटीत क्लिक केलं की शेजारी छोटं चिन्ह येतं, ते दाबलं की नवं उघडतं. पक्ष्याचा आवाज वाजवणारं माझं बटण ६४ बिटच्या ऑफिसमध्ये अडलं, कोडमधल्या डिक्लेअरच्या (विंडोजचं फंक्शन बोलावणाऱ्या) ओळीत पीटीआरसेफ हा एक शब्द घातल्यावर चाललं. फाइलचं फोल्डर ॲक्सेसच्या ट्रस्टेड लोकेशनच्या (विश्वासू जागांच्या) यादीत टाकलं की दर वेळची सुरक्षेच्या इशाऱ्याची पिवळी पट्टी जाते. फोटो अटॅचमेंट म्हणून आत कोंबू नका, सगळ्या फाइलची मर्यादा २ जीबीच आहे. फोटो फोल्डरमध्ये ठेवा आणि टेबलात फक्त त्यांचा पत्ता लिहा.

नावांचं टेबल वेगळं काढलं, हे मी वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. माझ्याच वह्यांत एका पक्ष्याला कुठे रोहित, कुठे अग्निपंख म्हटलंय. खंड्याचं इंग्रजी नाव मी शिकले तेव्हा व्हाइट ब्रेस्टेड किंगफिशर होतं, आता व्हाइट थ्रोटेड म्हणतात. प्रत्येक पक्ष्याला एक क्रमांक दिला आणि त्याची सगळी नावं त्या क्रमांकाखाली लावली. आता काहीही शोधलं तरी तोच पक्षी सापडतो. जागांचंही तसंच करते आहे, कारण २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि शिवडीला मी जिथे उभी राहायचे तिथून दिसणारं सगळं बदललं. 'शिवडी जेट्टी' या एकाच नावाखाली आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मिसळू द्यायच्या नाहीत.

एकोणीस ओळी अजून बाकी आहेत. त्यांत जुन्या फॉन्टमधली काही चिन्हं यादीत बसत नाहीत, आणि तर्काने भरायची माझी तयारी नाही. त्या वर्षांच्या डायऱ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. रविवारी त्या उतरवून एकेक ओळ ताडून बघणार आहे.