ओढ्याची वही: घासलेले दगड आणि परतलेला गाळ

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ओढ्याच्या मधल्या टप्प्यावर चपटे मेफ्लाय (एका उडत्या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं) मिळत नाहीत, कारण तिथले दगड गाळात रुतलेले आहेत. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं या पाच महिन्यांत सापडलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ओढा एकच, टप्पे तीन. वरचा दाट झाडीत, मधला उघडा आणि दोन्ही काठांना नांगरलेली शेतं, खालच्या टप्प्यावर काठाने झाडांची अरुंद पट्टी आणि तिच्यामागे पुन्हा शेतं. ५०० मायक्रॉनची (अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची) जाळी, खळाळात ३ मिनिटं पायाने तळ ढवळायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून कुळापर्यंत ओळख पटवायची आणि सगळ्यांना परत सोडायचं.

वरच्या टप्प्यावर दगड उलटला की हेप्टाजेनिडी कुळातले चपटे मेफ्लाय खेकड्यासारखे तिरके सरकत कडेमागे लपतात. बाजूला दोन शेपट्यांचे स्टोनफ्लाय, हीही अशाच उडत्या कीटकांची पिल्लं. पाचोळ्यात कॅडिस या पतंगासारख्या कीटकाची, कॅलामोसेरॅटिडी कुळातली अळी, पानाच्या दोन तुकड्यांमध्ये स्वतःला मिटून घेतलेली. आधी ती मला नुसतं वाहून आलेलं पान वाटायची. आता ट्रेमध्ये पान चालायला लागलं की अजूनही हात थांबतो.

मधल्या टप्प्यावरची वस्ती निराळी. तांबड्या कायरोनोमिड अळ्या (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीच्या), गोगलगायी, पोहण्यात तरबेज बेटिड मेफ्लाय आणि केनिडी कुळातले भरपूर मेफ्लाय. या केनिडींना भिंगाखाली जरूर बघा. त्यांच्या पोटावरच्या कल्ल्यांची एक जोडी चौकोनी झाकणासारखी असते आणि मागच्या नाजूक कल्ल्यांवर गाळ बसू देत नाही. या टप्प्यावर काय घडतंय, ते त्या एका झाकणातच दिसतं.

मग प्रयोग केला. मधल्या खळाळातले डझनभर दगड ब्रशने घासले आणि खाली पोकळी राहील असे रचले. दोन आठवड्यांत हायड्रोप्सायकिडी कुळातल्या कॅडिस अळ्यांनी दगडांच्या फटींत जाळी विणली, बेटिड आले, आणि तीन हेप्टाजेनिडीही मिळाले! रात्री प्रवाहाबरोबर वाहत खाली येण्याची जलकीटकांची सवय आपल्याला ठाऊक आहेच. ओढ्यातल्या कीटकांचे अभ्यासक कार्ल म्युलर यांनी १९५४ मध्ये त्याची दुसरी बाजू मांडली: प्रौढ कीटक उडत वर जाऊन अंडी घालतात आणि वाहून गेलेल्यांची जागा भरून काढतात. म्हणजे हे मेफ्लाय मधल्या टप्प्यावर सतत पोहोचत असणार. त्यांना टिकता येत नव्हतं, एवढंच.

का टिकता येत नव्हतं, ते पहिल्याच जोरदार पावसाने दाखवलं. पाणी ओसरल्यावर गेलो तर दगड जागेवर होते आणि पोकळ्या बारीक मातीने गच्च भरलेल्या. चपटे मेफ्लाय गेले, कॅडिसच्या जाळ्यांवर चिखलाचा थर. त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण वहीतली सर्वांत मोलाची नोंद तीच.

पाचोळ्याच्या पिशव्यांनीही तेच सांगितलं. एकाच झाडाची सुकी पानं मोठ्या छिद्रांच्या पिशव्यांत भरून तिन्ही ठिकाणी पाच आठवडे बांधून ठेवली होती. वर पानांच्या फक्त शिरा उरल्या. मध्ये पानं जवळजवळ अखंड, गाळाने माखलेली. खाली साधारण निम्मी खाल्लेली.

१९८० मध्ये नद्यांचे अभ्यासक व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या नदी-सातत्याच्या कल्पनेप्रमाणे उगमाकडे सावलीत पाने कुरतडणारे जास्त, पात्र रुंद होऊन उजेड वाढला की शेवाळ खरवडणारे वाढतात. माझा मधला टप्पा पात्राने अजून अरुंदच आहे, झाडं गेल्यामुळे उजेड मात्र भरपूर. शेवाळही चांगलं वाढलंय. तरीही दगडांना चिकटून खरवडणारे चपटे मेफ्लाय नाहीत, कारण त्या शेवाळावर मातीचा लेप असतो. उजेड मिळाला, पण खाण्याजोगा पृष्ठभाग मिळाला नाही.

खालच्या टप्प्याकडून मला मोठी आशा होती. झाडांची पट्टी आहे, भर दुपारी पाणी मधल्यापेक्षा गार लागतं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: संपृक्त पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. टाचण्या (चतुरासारखे, बारीक अंगाचे कीटक) तिथे काठावर हमखास बसलेल्या दिसतात. पण दगड उपटायला गेलो तर मधल्याइतकेच रुतलेले. पट्टी सावली देते, पानं देते, शेजारच्या शेतातली थोडी माती अडवतेही. वरून पाण्याबरोबर आधीच आलेल्या मातीचं ती काय करणार? ओढ्यांचे अभ्यासक नोएल हाइन्स १९७५ मध्येच सांगून गेले होते की ओढा समजून घ्यायचा तर त्याची सगळी दरी बघावी लागते. मी मात्र पाण्याकडे पाठ फिरवून चढ चढायला इतके महिने लावले.

आता चढलो. मधल्या टप्प्याच्या थोडं वर, नांगराच्या तासांतलं पाणी एका घळीत जमतं आणि तिथून थेट ओढ्यात उतरतं. तोंडाशी ताज्या मातीचा पंखा पसरलाय. घासलेल्या दगडांचे दोन ट्रे तयार आहेत, एक घळीच्या तोंडाच्या वर आणि एक खाली ठेवणार, पुढच्या पावसाच्या आत. कुणी असा जोडीचा प्रयोग केला असेल तर ट्रे तळात किती खोल बसवलात ते कळवा. आणि दगड उलटलात की त्याच अंगावर परत ठेवा, खाली कुणीतरी राहत असतं.