ऑफिस सोडून जंगलातल्या सर्वेक्षणाला जावं का? मी हा निर्णय कसा घेतला

नागपुरात राहणाऱ्याला जंगल जवळच असतं. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, कुठेही सकाळी निघून जेवायच्या आत पोचता येतं. त्यामुळे वन्यजीवांचं काम करायची इच्छा इथे बऱ्याच जणांच्या मनात असते. पण सफारीची आवड वेगळी आणि सर्वेक्षणाची नोकरी वेगळी. मी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातली कायम नोकरी सोडून फिल्डवर गेलो. त्याआधी काय काय तपासलं ते इथे लिहितो.

पहिली गोष्ट, काम करून पाहा, आणि तेही मे महिन्यात. जानेवारीच्या थंडीत जंगल सगळ्यांनाच आवडतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजणं हा सुंदर अनुभव आहे, पण त्यावरून रोजच्या कामाचा अंदाज येत नाही. मी रजा साठवली आणि उन्हाळ्यात एका टीमबरोबर स्वयंसेवक म्हणून राहिलो. व्याघ्रप्रकल्पात आत काम करायला वनविभागाची परवानगी लागते. टीमच्या परवानगीपत्रात आपलं नाव आहे ना, हे निघण्याआधी बघा.

तिथे दोन कामं शिकलो. एक ट्रान्झेक्ट, म्हणजे आखून दिलेल्या दोनेक किलोमीटरच्या सरळ रेषेवर उजाडताच चालणं. चितळांचा कळप दिसला की थांबायचं, संख्या लिहायची, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा घ्यायची. नवखे चुकतात ते इथेच. कळप बुजून पळतो आणि ते तो जिथे जाऊन थांबला तिथलं अंतर लिहितात. नोंद हवी ती कळप पहिल्यांदा दिसला त्या जागेची, नाहीतर प्राण्यांच्या घनतेचं सगळं गणित बिघडतं.

दुसरं काम कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे समोरून गरम अंगाचं काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो. उंची साधारण गुडघ्याइतकी. दोघं अगदी समोरासमोर ठेवले तर एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो, म्हणून थोडे तिरपे बांधायचे. तोंड थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला नको. समोरचं गवत मुळापासून काढायचं, कारण तापलेलं पातं वाऱ्याने हललं की कॅमेरा चालू होतो आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. तारीख-वेळ चुकीची राहिली तर पुढची सगळी नोंद संशयास्पद होते. बांधून झाल्यावर स्वतः कॅमेऱ्यासमोरून रांगत जायचं आणि फोटो आला का ते पाहायचं. पंचेचाळीस अंशांत, पायमोज्यात कुसळं अडकलेली असताना, हे दर ठिकाणी तितक्याच नेटाने करता येतं का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

आणि टेबल सुटत नाही. कार्डं गोळा झाली की हजारो फोटो प्राण्यांनुसार वेगळे लावायचे असतात. त्यात वाघ थोडे, गुरं आणि वानरं भरपूर. डेटाशीट, जीपीएसची नोंद आणि फाइलचं नाव एकमेकांशी जुळवायचं असतं. अकाउंट्सची सवय इथे फार उपयोगी पडते. पण कॉम्प्युटरचा कंटाळा आला एवढ्याच कारणासाठी कोणी नोकरी सोडणार असेल तर त्याने जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

आता पैशाचं. पगार किती कमी होणार हे सगळेच विचारतात. मला जास्त भीती होती ती दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या महिन्यांची. करार प्रकल्पाच्या मुदतीपुरता असतो, पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद पडतात आणि पुढचा निधी कधी येईल ते टीमच्या हातात नसतं. म्हणून वर्षभराचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते वेगळे निघाल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, असं घरी बसून ठरवलं. बाबांचं समाधान त्या कागदावरच्या आकड्यांनी झालं, जंगलाच्या वर्णनाने झालं नसतं.

ग्रॅच्युइटी स्वतः काढून बघा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. 26,000 रुपयांवर नऊ वर्षांचे 1,35,000 होतात. पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली की 58व्या वर्षानंतर मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. त्याला थोडेच महिने उरले असतील तर थांबा. दहा वर्षं झालेली नसतील तरी पेन्शनची रक्कम काढू नका, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे आतापर्यंतच्या सेवेची नोंद असलेला दाखला, घ्या. ते घेतलं की पुढची सेवा त्यात जोडता येते. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आस्थापना शाखेत बसून सेवापुस्तक नीट वाचल्याशिवाय अर्ज टाकू नका.

आरोग्य विमा नोकरीत असतानाच काढा. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी आजारांना संरक्षण नसतं. या कामात आजार खरे आहेत. 2018 मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले होते. गवता-झुडपांतल्या बारीक माइटच्या अळ्या चावून तो होतो. चावल्याजागी कधी कधी काळी खपली दिसते. पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना, मी जंगलात काम करतो, हे आपणहून सांगा. वेळेत ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो.

करार हातात आला की विचारा: पेट्रोलचे पैसे वेगळे की पगारातून? राहायची सोय कोणाची? अपघात विमा आहे का? हरवलेल्या कॅमेऱ्याची भरपाई कोणाकडून? तोंडी उत्तरावर थांबू नका, ईमेलवर घ्या.

करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरच मी राजीनामा दिला. निघताना रिलीव्हिंग लेटर, ग्रॅच्युइटीचा अर्ज आणि फॉर्म 16 कधी मिळेल हे लिहून घेतलं. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली का, हेही तपासा. ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो. कंपनीने भरलीच नाही तर दोन महिन्यांनी आपल्या लॉगिनमधून स्वतः भरता येते.