पोपच्या तोंडी घातलेली 36 मिनिटं

मे 2025 च्या उत्तरार्धात आमच्या पडताळणीच्या व्हॉट्सॲप नंबरवर वसईच्या एका वाचकांनी व्हिडिओ पाठवला. पोप चौदावे लिओ पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे लष्करी शासक कॅप्टन इब्राहिम ट्राओरे यांना उद्देशून, त्यांचा गौरव करत तब्बल 36 मिनिटं इंग्रजीत बोलताहेत. धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर तो फिरत होता. सोबत एकच ओळ: "हे खरंच बोलले का?"

असा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघायचा. यूट्यूबवर तो थांबवला की स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. प, ब, म म्हणताना ओठ मिटायलाच हवेत. मॉर्फिंग केलेल्या, म्हणजे संगणकाने बदललेल्या, चेहऱ्यावर ते बऱ्याचदा अर्धवट उघडे राहतात. मग नुसता आवाज ऐकायचा. इतका वेळ बोलणारा माणूस श्वास घेतो, अडखळतो, कागद उलटतो, सभागृहात कुणीतरी खोकतं. पण यातून फक्त संशय बळावतो, पुरावा मिळत नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ इतका दाबतं की खऱ्या चित्रीकरणातही ओठ पुसट होतात. ओठांवर बोट ठेवून निकाल देणारे घाईत असतात, आणि आमच्या धंद्यात ते कमी नाहीत.

पुरावा म्हणजे मूळ चित्रीकरण. त्यासाठी फ्रेममधून चेहरा कापून टाकायचा आणि उरलेली पार्श्वभूमी उलट शोधाला लावायची, म्हणजे तेच चित्र इंटरनेटवर आधी कुठे आलंय ते शोधायचं. चेहरा ठेवला तर पोपचे शेकडो फोटो पुढ्यात येतात आणि नेमका प्रसंग त्यात बुडतो.

मूळ निघालं 12 मेचं. 8 मेला निवड झाल्यावर चौथ्या दिवशी पोपनी व्हॅटिकनमध्ये पत्रकारांची भेट घेतली होती. त्या भाषणाची सुरुवातीची काही वाक्यं इंग्रजीत, बाकी सगळं इटालियनमध्ये. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर पोपची भाषणं तारखेनुसार मिळतात. त्या दिवशीच्या मजकुरात ट्राओरे यांचं नावसुद्धा नाही. व्हॅटिकननेही व्हिडिओ बनावट असल्याचं जाहीर केलं. आम्ही "खोटा" असा शिक्का मारला. डेस्कच्या लेखी काम संपलं.

वाचकांचं उत्तर आलं: "बनावट असेल साहेब, पण बोललेत त्यात चुकीचं काय आहे?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर तयार नसतं, आणि प्रचार करणारे नेमके त्याच्याच भरवशावर असतात. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ट्रम्पना पाठिंबा दिल्याची खोटी बातमी फेसबुकवर पसरली, तेव्हा फ्रान्सिस यांचा स्वभाव आणि मतं जगाला तीन वर्षं माहीत होती. लिओ अगदीच नवे. त्यांचा आवाजही लोकांच्या कानाला सरावलेला नव्हता. म्हणून त्यांच्या तोंडी काहीही घालता आलं. आफ्रिकेच्या बाजूने पोप बोलले म्हणून श्रद्धावानाला बरं वाटतं आणि पदाचं वजन आपोआप एका लष्करशहाच्या पारड्यात पडतं.

शिवाय चोरी कुठल्या भाषणाची? त्याच भाषणात पोपनी सत्य शोधल्याबद्दल तुरुंगात डांबलेल्या पत्रकारांच्या सुटकेची मागणी केली होती. कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीने वापरा, असंही सांगितलं होतं. ट्राओरे सप्टेंबर 2022 मध्ये बंड करून सत्तेवर आले. मार्च 2025 मध्ये त्यांच्या राजवटीत पत्रकार संघटनेच्या अध्यक्षांसह पत्रकारांना अटक झाली आणि पुढे ते लष्करी गणवेशात दिसले. त्यांना सक्तीने सैन्यात घातलं होतं. ज्या फ्रेममध्ये पोप अशा लोकांसाठी बोलत होते, तीच फ्रेम त्यांना गप्प करणाऱ्याच्या गौरवाला वापरली गेली.

हा परिच्छेद मी लेखात घातला होता. "पडताळणीत मत नको" म्हणून तो काढला गेला. मला हे पटलेलं नाही. त्यातली प्रत्येक ओळ तपासता येते, आणि वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच होतं. तो मी त्यांना वेगळा पाठवला. आमच्या साच्यात दावा, तथ्य आणि निष्कर्ष असे तीन रकाने आहेत. "फायदा कुणाचा" हा चौथा रकाना मी मागितला आहे.